एक जून न लिहिणारे मास्तर

आमच्या वयाच्या माणसांचे शाळेचे दाखले एकत्र ठेवले, तर वाटावं की मराठवाड्यातल्या सगळ्या बाया एकाच दिवशी बाळंत झाल्या. एक जून. कचेरीत माझ्या डाव्या हाताला बसणारे एक जूनचे, उजव्या हाताला बसणारे एक जूनचे, साहेब एक जूनचे, चहा आणणाराही एक जूनचा. बाप पोराला शाळेत घेऊन यायचा. मास्तर विचारायचे, "कधीचं हाय?" बाप म्हणायचा, "तुमीच बघा की." मग पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का, एवढं बघून तारीख पडायची. मेअखेरीला आमच्या खात्यात निरोपाचे हार कमी पडायचे, एवढी माणसं एका दिवशी घरी जायची. मी मात्र ऐन जानेवारीत निवृत्त झालो. एकट्यानं. हार ताजा होता.

ह्याचं कारण एक माणूस. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत, गारखेडा हे औरंगाबादबाहेरचं गाव असताना, तिथल्या शिवारात मिशनची एका खोलीची शाळा होती. तिथं ते मास्तर होते.

आता मी त्याच गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी गॅलरी जिथं आहे, तिथं खाली कुठंतरी आमची मेंढरं बसायची. दुपारी खुर्चीत डोळा लागला की रस्त्यावरचे हॉर्न विरून जातात आणि ती खोली वर येते. पाण्यात बुडालेलं भांडं हळूहळू वर यावं, तशी. दगडी भिंती, कौलं, आणि उंचावर एक खिडकी. खिडकीच्या चार तावदानांतलं एकच निळं होतं. बाकीची तीन कधी फुटली, कोणी साधी बसवली, कुणाला ठाऊक नव्हतं. त्या एका काचेतून उन्हाचा निळा चौकोन आत पडायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. शाळेत घड्याळ नव्हतं. चौकोन दुसरीच्या पोरांवर आला की जेवणाची सुट्टी. चौथीच्या पोरांच्या पाठीवर चढला की घरी. ढग असले म्हणजे आम्ही काळाच्या बाहेर असायचो. कविता म्हणत बसायचो, नाहीतर नुसतेच बसायचो. मास्तरही आमच्याबरोबर बसायचे.

ही खोली आठवड्यातले सहा दिवस शाळा असायची आणि रविवारी चर्च. शनिवारी सुट्टीच्या आधी आम्ही पोरं तरटाच्या पट्ट्या उचलून उलट्या बाजूला तोंड करून अंथरायचो. फळा मावळतीच्या भिंतीला, क्रूस उगवतीच्या. सोमवारी पुन्हा फिरवायच्या. रविवारपुरता फळाही क्रूसाखाली जायचा. त्याच्या मागच्या बाजूला रविवारच्या गीतांचे आकडे खडूनं लिहिलेले असायचे, आणि पुढं आमचे पाढे. एकदा कोणीतरी फळा उलटा लावला. रविवारी भक्तीला जमलेल्या पंधरा माणसांना गीतांऐवजी एकोणतीसचा पाढा दिसला. मास्तर म्हणाले, "म्हणा. तोही काही खोटा नाही."

मास्तर उंच, काठीसारखे. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर दुमडलेली छत्री. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली. मिशनच्या आवारात वाढलेले, त्यामुळं त्यांची मराठी पुस्तकातली. आम्ही सगळे 'व्हय' न् 'नाय'वाले, आणि हे पहिलीच्या पोरालाही 'अहो' म्हणायचे. "अहो, नाक पुसा." "अहो, तुमची पाटी उलटी आहे." आम्हाला तोवर कोणी 'अहो' म्हटलेलं नव्हतं. मेंढक्याच्या पोराला 'ए' म्हणतात, नाहीतर शीळ घालतात. पहिल्या दिवशी मास्तर मला 'अहो' म्हणाले, तेव्हा माझ्यामागं कोण उभं आहे ते मी वळून पाहिलं.

गावात मिशनच्या शाळेबद्दल दोन मतं होती. एक, तिथं बाटवतात. दोन, तिथं मराठी शिकवतात. निजामाच्या वेळेला सरकारी शाळेत पोराला आधी उर्दू लागायची, आणि ती आमच्यासारख्यांना कुठून यावी? मिशनवाले पाड्यावर, तांड्यावर, गावकुसाबाहेर जाऊन आमच्याच बोलीत अ-आ-ई काढायचे. हे मी भाबडेपणानं सांगत नाही. त्यांना माणसं हवी होती आणि आम्हाला अक्षरं, आणि दोघांनाही एकमेकांचा हिशेब ठाऊक होता. माझे वडील, म्हणजे आबा, मला शाळेत घालताना मास्तरांना तोंडावर म्हणाले, "हे बघ मास्तर, देव आमचा आमच्यापाशी ऱ्हाऊ दे. तू फकस्त वाचाय शिकव."

मास्तर म्हणाले, "देवाचं देव पाहील. ह्यांचा जन्म कधीचा?"

"आता ते कसं सांगावं? टाक काहीबी."

"काहीबी टाकता येत नाही. ह्यांच्या मातोश्री कुठं आहेत?"

आणि ते आबांच्या मागं, खांद्यावर छत्री टाकून, दीड कोस चालत आमच्या पालावर आले. शाळा तशीच सोडून. मागं फळ्यावर 'सर्वांनी पाढे' असं लिहून.

माझी माय दूध तापवत होती. परका माणूस पाहून तिनं पदर ओढला. मास्तर दहा हातांवर मातीत मांडी घालून बसले आणि त्यांनी आपले तीन प्रश्न विचारले. पुढं हे प्रश्न मी शंभर वेळा ऐकले. आभाळात काय होतं? रानात काय होतं? दारात काय होतं?

मायला आधी हसू आलं. मग ती आठवू लागली. "आभाळात? चांद व्हता. भरलेला. लई गारठा. रानात हुरडा आलेला, ह्येचे वडील कणसं भाजीत व्हते."

"आणि दारात?"

"दार कुठलं मास्तर? पालाला दार असतं व्हय?"

मास्तर खरोखर खजील झाले. म्हणाले, "चुकलो. पालासमोर काय होतं?"

"कुत्री व्यालेली. चार पिलं. एक पांढरं."

मास्तरांनी सगळं लिहून घेतलं. पांढरं पिलू सुद्धा. शाळेत भिंतीला तीन पंचांगं टांगलेली होती: आपलं नेहमीचं पंचांग, मिशनचं कॅलेंडर, आणि निजामाच्या वेळची जुनी फसली जंत्री. तिच्यातल्या महिन्यांची नावं मास्तर गाण्यासारखी म्हणायचे. आजुर, दै, बहमन, इस्फंदार. ते बेरजा करत बसले की आम्ही मागून ती नावं गुणगुणायचो, आणि दुपार आणखी लांब व्हायची. दोन दिवसांनी माझी तारीख निघाली. पौषी पुनवेची, जानेवारीतली. त्या दिवसापासून मास्तरांसाठी माझं नाव 'हुरडा'. "अहो हुरडा, या इकडे." आमच्या वर्गात एक विमानवाल्या बाई होत्या. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत आभाळात विमानं आली त्या दुपारी जन्मलेल्या. एक होते टोळधाड. एक होते बैलाचे शिंग, त्यांची गोष्ट मोठी आहे.

ह्या सगळ्या तारखा मास्तर कुठं लिहायचे, तर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत. कातडी बांधणीची जाड वही, कपाटात कुलूपबंद. पुढच्या पानांवर मिशनची माणसं, आणि मागून उलटी सुरू केलेली आम्हा बाकीच्यांची पानं. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचा विश्वास नव्हता. तो वाळवी खाते, म्हणायचे. तीन महिन्यांतून एकदा पाद्रीसाहेब मोटारसायकलवर यायचे. त्यांनी एकदा ती मागची पानं पाहिली आणि ते लालबुंद झाले.

"मास्तर, हे आत्म्यांचं पुस्तक आहे!"

मास्तर हात जोडून म्हणाले, "होय साहेब. आत्मे पुढून लिहिले आहेत. मागून नुसते देह लिहितो."

पाद्रीसाहेब बराच वेळ पानं उलटत राहिले. मग त्यांनी खाली सही केली. पुढं पुढं प्रत्येक फेरीला करू लागले. त्या सहीमुळं ती मागची पानं नंतर कुठं कुठं चालली, किती जणांना नोकऱ्यांत, कोर्टात उपयोगी पडली, ते सांगायला मला दुसरा लेख लिहावा लागेल. सरकारनं जन्म लिहायला गावोगाव माणसं बसवली ती फार नंतर. आमच्या शिवारात ते काम आधी एका चर्चच्या वहीनं केलं, तेही मागच्या बाजूनं.

तारीख बदलायला मात्र ते कोणाच्या बापासाठी तयार नव्हते. गावातल्या एका जमीनदारानं पोराचं वय दोन वर्षांनी कमी करून मागितलं, पुढं नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतात म्हणून. मास्तर त्याला शांतपणे म्हणाले, "कमी करतो. पण ती दोन वर्षं ठेवू कुठं? ह्या मुलानं ती जगलेली आहेत. त्यात त्यांना गोवर झालेला आहे." तो माणूस पुढं महिनाभर मास्तरांशी बोलला नाही. मास्तरांना ते कळलंच नाही.

आम्हाला वाटायचं, हे ह्यांचं खूळ आहे. खूळच होतं. पण ते कुठून आलं, हे मला चौथीत असताना कळलं, तेही आबांमुळं.

दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन कन्नडचा घाट उतरायचे आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचे. एकेका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवत, गावागावानं फिरत. एका वर्षी निघायच्या आदल्या दिवशी मास्तर पालावर आले. बराच वेळ छत्रीनं मातीत रेघा मारत बसले. मग म्हणाले, "तुम्ही इतकी गावं फिरता. एक विचाराल?"

"काय?"

मास्तरांनी चप्पल काढली आणि डावा पाय पुढं केला. "असा पाय असलेलं मूल. घाटाच्या आसपासचं असावं. पटकीच्या साथीत कोणीतरी कन्नडच्या वरच्या अंगाला मिशनच्या दवाखान्यात आणून सोडलं. बोलत नव्हतं, हाडांचा सापळा होता, म्हणून साहेबांनी वहीत लिहिलं, वय अंदाजे दोन. बाप्तिस्मा झाला त्या दिवसातून दोन वर्षं वजा केली, तीच माझी जन्मतारीख."

आबा त्या पायाकडं बघत राहिले. "म्हंजे तुझीबी एक जूनच की मास्तर."

मास्तर हसले नाहीत. "होय," म्हणाले. "माझीही एक जूनच."

त्या वर्षापासून आबा प्रत्येक मुक्कामाला म्हाताऱ्या बायांना विचारायचे. जुळलेल्या बोटांचं पोर, पटकीच्या साली मिशनला दिलेलं. काही हाकलायच्या, काही चहा द्यायच्या, एकीनं आपलाच नातू पुढं केला. पावसाच्या तोंडावर आबा परत आले की मास्तर गावाच्या वेशीपर्यंत यायचे. आबा लांबूनच मान हलवायचे. मास्तर वळून शाळेकडं जायचे. तेरा-चौदा वर्षं असं चाललं. मी चौथी झालो, सातवी झालो, शहरात वसतिगृहात राहून मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो. दोघांचा हा रिवाज मोडला नाही.

मी बी.ए. झालो. आमच्या घरात तोवर कोणी सही करत नव्हतं. हे मी मिरवायला सांगत नाही असं म्हणणार होतो, पण मिरवायलाच सांगतो. निकालाच्या दिवशी आबांनी मेंढरांना गुलाल लावला. मास्तर म्हणाले, "अहो हुरडा, आता तुम्ही कोणाला तरी 'अहो' म्हणा."

मला औरंगाबादेत शिक्षण खात्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली, आणि वर्षाच्या आत माझ्या टेबलावर एक फाईल आली. गारखेड्याचं मिशन आपली शाळा सरकारच्या हवाली करत होतं. बाहेरून येणारी मदत आटली होती, पाद्रीसाहेब परत गेले होते. शाळा घ्यायची, पोरं घ्यायची, आणि जून उजाडताना अठ्ठावन पूर्ण न झालेले शिक्षकही घ्यायचे, असा हुकूम होता. शिक्षक एकच. बाप्तिस्म्याच्या वहीप्रमाणं त्यांना अठ्ठावनला अजून दोन वर्षं होती. मी यादीत त्यांचं नाव घातलं, तेव्हा माझं अक्षर जरा मोठंच आलं असेल.

मास्तरांना मी स्वतः सांगायला गेलो. ते शाळेमागच्या खोलीत राहायचे. एक बाज, एक पेटी, तीन पंचांगं. शाळा राहिली म्हणजे खोली राहिली. त्यांनी माझ्यासमोर जूनपासून तिसरीत बसणारी नावं बोटांवर मोजली. अकरा पोरं. "दोन वर्षं म्हणजे ही अकरा जणं चौथी होतील," ते म्हणाले. "ह्यांच्यातल्या चार जणांचे बाप म्हणतात, मास्तर गेले की पोरगं गुरांमागं. तेवढी दोन वर्षं मला हवी होती." त्यांना कधी काही हवं असल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मेचा शेवटचा आठवडा होता. आबा घाट चढून परत आले. मी त्या दिवशी घरी होतो. वेशीपाशी मास्तर उभे होते, छत्री घेऊन. आबांनी मान हलवली नाही. ते मेंढरं तशीच सोडून चालत आले आणि मास्तरांसमोर मातीत बसले.

"घावली, मास्तर."

घाटाखालच्या एका वस्तीवर एक म्हातारी होती. मास्तर जन्मले तेव्हा दहा-बारा वर्षांची पोर. शेजारची लेक आखाजीला माहेरी आली होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाळंत झाली. जुळलेली बोटं ह्याच म्हातारीनं पहिल्यांदा पाहिली, बाळाला पुसताना. चार वर्षांनी पटकी आली. लेक गेली, जावई गेला. पोरानं बोलणं टाकलं. मामानं त्याला खांद्यावर घालून घाट चढवला.

मास्तर ऐकत होते. मेंढरं त्यांच्या पायांतून इकडं तिकडं जात होती. मग त्यांनी विचारलं. आवाज असा, जसा परीक्षेला बसलेल्या पोराचा.

"आभाळात काय होतं?"

"शेंडेनक्षत्र," आबा म्हणाले. "उगवतीला. म्हातारी म्हणली, केरसुणीवाणी शेपूट, अर्ध्या आभाळापातुर. बाया भ्यालेल्या."

"रानात?"

"काय नाय. नांगरलेलं, तापलेलं."

"दारात?"

"दारात झोका व्हता. आखाजीचा. लिंबाला बांधलेला. तुझी माय आदल्या सांजंला त्याच्यावर बसलेली. बाया वरडल्या, उतर की गं, पोटुशी हायस."

मास्तरांनी डोळे मिटले. मग त्यांनी हळूच विचारलं, "तिचं नाव?"

आबांनी नाव सांगितलं. ते मास्तरांनी लिहून घेतलं नाही. नुसतं दोनदा ओठांवर म्हणून पाहिलं, नव्या शब्दासारखं.

पंचांगावरून तारीख काढायला त्यांना एक दुपारही लागली नाही. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि ते शेंडेनक्षत्र कोणत्या साली आलं ते जगाला ठाऊक आहे. तारीख मी इथं लिहीत नाही, ती त्यांची आहे. पण तिचा अर्थ मला वहीत डोकावताच कळला. चार वर्षांचं पोर दोनचं म्हणून लिहिलं गेलं होतं. मास्तरांची अठ्ठावन त्याच महिन्यात पूर्ण झाली होती.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत आले. वही काखेत, हातात अर्ज. आबांना बरोबर घेऊन, शपथपत्रावर त्यांचा अंगठा उठवून. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मास्तर, लोक वय कमी करायला येतात. तुम्ही वाढवायला आलात?"

"वाढवायला नाही, साहेब. लिहायला."

"ह्याला पुरावा काय? एका मेंढक्यानं एका म्हातारीकडून ऐकलेलं."

"होय साहेब," मास्तर नम्रपणे म्हणाले. "आपली एक जून कोणी पाहिली होती?"

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. मास्तर बाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "हा अर्ज आवक-नोंदीला लावू नका. यादी परवा जाते. एकदा गेली की गेली. दोन वर्षं सुखानं काढू द्या त्यांना."

मला तेच हवं होतं. मी अर्ज खणात टाकला आणि मास्तरांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "सर, कोणी विचारत नाही. अकरा पोरं आहेत. खोली आहे. तारीख तुम्हाला मिळाली ना? घरी वहीत लिहा. कचेरीत कशाला?"

मास्तर बाकावर बसले. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले, आणि पहिल्यांदाच त्यांचं वय मला नक्की ठाऊक होतं.

"अहो हुरडा," ते म्हणाले, "तुमचं बरं आहे. तुम्ही लोक जळून जाता. आम्हाला पुरतात, आणि वर दगड ठेवतात. दगडावर दोन तारखा असतात. दुसरी कोणीही लिहील, ती सगळे पाहतात. पहिली मी आयुष्यभर दुसऱ्यांची शोधली. आता माझी सापडली आहे, आणि तुम्ही म्हणता ती खणात ठेवू?"

"पण पोरं, सर..."

"पोरांना मी खोट्या तारखेनं उभा राहून काय शिकवू? त्या जमीनदाराला मी काय सांगितलं होतं? ती दोन वर्षं मी जगलो आहे. त्या दोन वर्षांत माझी आई जिवंत होती."

मी आत गेलो. साहेब वर पाहतच होते. मी खण उघडला, अर्ज काढला, आवक-नोंदवहीत पुढचा क्रमांक टाकला, शिक्का मारला. साहेब म्हणाले, "तुम्ही फार शिकलात हो." मी म्हटलं, "होय साहेब, मिशनच्या शाळेत." मग यादी पुढं ओढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलेल्या त्या नावावर रेघ मारली. रेघ वाकडी आली.

संध्याकाळी मी बाहेर आलो. आबा कचेरीच्या आवारात लिंबाखाली उकिडवे बसले होते, अंगठ्याची निळी शाई धोतराला पुसत. मास्तर बाजूला उभे.

"लिवलं?" आबांनी विचारलं.

"लिवलं."

"मग? किती वर्षांचा निघाला मास्तर?"

"अठ्ठावन पुरी. शाळा सुटली त्यांची. खोलीपण."

आबा बोटं मोजत होते हे मला उशिरा कळलं. मग ते स्वतःशीच म्हणाले, "माझी माय म्हणायची, शेंडेनक्षत्र गेलं आन् वर्सानं तू झालास." पुन्हा मोजलं. मान वर करून मास्तरांकडं असं पाहिलं, की जणू आज पहिल्यांदाच पाहतायत. "मी ह्येला बारका समजत व्हतो. इतकी वर्सं अरे-तुरे करीत आलो."

ते उठले. डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरलं, आणि वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला. त्या जुळलेल्या बोटांना. मास्तर दचकून मागं सरले, छत्री खाली पडली. आबांनी ती उचलून त्यांच्या हातात दिली.

"चला दादा," आबा म्हणाले, "आता घरला."

मास्तरांना सगळ्यांनी मास्तर म्हटलं होतं. मिशनमध्ये कोणी भाऊ म्हणायचे, पण तिथं सगळेच भाऊ. दादा कोणी म्हटलं नव्हतं, कारण कोणाहून मोठं असायला आधी जन्मावं लागतं.

"बघतोस काय?" आबा माझ्यावर खेकसले. "मोठ्या बापाला सायकलवर बसव."

मी त्यांना कॅरियरवर बसवलं. जून लागायचा होता, धूळ सोनेरी झाली होती, गारखेड्याचा रस्ता मोकळा. चढ आला की मास्तर माझी दया येऊन खाली उतरायला लागायचे, आणि मागून पायी येणारे आबा लांबूनच ओरडायचे, "दादा, बसून ऱ्हावा! पोरगं बी.ए. हाय, वढतंय!"